कोणताही संबंध आढळला नाही

बानत्यान, शेंजेन
१२ ऑक्टोबर २०२४

आत्यास लीवेनचा नमस्कार.

हातानं लिहिलेलं पत्र बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग मी कुठल्या तुरुंगात आहे ते विचारशील. तुरुंगात नाही. बानत्यानलाच आहे, सातव्या मजल्यावर, आणि धंदा बरा चाललाय. पण आजपासून मला फोन करायचा नाही, फोनवर निरोपही पाठवायचा नाही. घरच्यांचा ग्रूप मी काल बंद केला तो रागानं नव्हे. कारण सांगतो.

सातासमुद्रापलीकडच्या ज्या मोठ्या ऑनलाइन बाजारात आपण कुत्र्यांचे रेनकोट विकतो, तो बाजार एका माणसाला एकच दुकान मांडू देतो. आपली सात आहेत. पहिलं माझ्या नावावर, दुसरं बायकोच्या, युनमैच्या, चौथं तुझ्या, पाचवं तंगफूकाकांच्या, बाकीची सासूबाईंच्या आणि बहिणींच्या. ही सगळी एकाच घरातली आहेत असा नुसता वास जरी बाजाराला आला, तरी सातही एका फटक्यात बंद. वास कशानं येतो? दोन दुकानं एका इंटरनेटच्या लाइनवर उघडली की येतो, एका कॉम्प्युटरवर उघडली तर हमखास येतो. समोरच्या गाळ्यातल्या शु शेठची सगळी दुकानं गेल्या महिन्यात गेली, कारण त्याचा मेहुणा एकच फोन खिशात घालून दोन खोल्यांत फिरला. शु शेठ आता भजी तळतो.

आमचं सगळं मास्तर लू बघतात. लाइन जोडण्यात आख्ख्या इमारतीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. दर दुकानाला वेगळी लाइन, वेगळी खोली, वेगळा माऊस. त्यांचं म्हणणं असं की दुकान ज्याच्या नावावर, त्याच्याच घरातून त्या दुकानाचा श्वास यायला हवा. म्हणून तुझ्याकडे इंटरनेटची एक पेटी आणि एक लॅपटॉप येतोय. तू फक्त चालू ठेवायचं, दुकान मी इथून बघेन. त्या पेटीवर दुसऱ्या कुणाचाही फोन जोडू देऊ नकोस. कुणी पासवर्ड मागितला तर बहिरी हो.

तुझा,
लीवेन


श्यावान, ज्यांगयोंग
२३ ऑक्टोबर

लीवेन,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं. पण पत्र आलं हे बरं वाटलं. पोस्टमननं तीन वेळा विचारलं, घरी सगळे ठीक ना.

पेटी पोचली. घरात मोकळा प्लग एकच, तो पूर्वजांच्या फळीवर, तुझ्या आजोबांच्या तसबिरीशेजारी. तिथंच ठेवली. दिवसभर हिरवा दिवा लुकलुकतो. काल वांग म्हातारी आली, तिनं धूप लावला आणि आजोबांना एकदा न् पेटीला तीनदा वाकून गेली. मी काही बोलले नाही. बहिरी हो म्हणालास ना.

कुत्र्याला पाऊस लागू नये म्हणून पैसे टाकणारी माणसं जगात आहेत हे मला अजून पटत नाही, पण तुझं पोट त्याच्यावर चालतं तर चालो.

एक विचारायचं होतं. तंगफूलाही त्याची पेटी आलीय. त्यानं ती पलंगाशेजारी ठेवलीय, म्हणजे माझ्या फळीच्या बरोबर पलीकडे, मधे एका विटेची भिंत. आणि बायको गेल्यापासून तो दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवतो. जेवताना फोन भाताच्या वाडग्याला टेकवून ऑपेरा बघत बसतो. चालेल ना?

दारातलं पपनसाचं झाड यंदा लगडलंय. फळं अजून उतरवली नाहीत. तुझ्या वाटणीची निराळी काढून ठेवीन, जानेवारीअखेरीला आपल्या नव्या वर्षाच्या जेवणाला आलास की मिळतील.

आत्या


बानत्यान
४ नोव्हेंबर

आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच मास्तर लूंना दाखवलं. अगं, एका विटेनं काय होतंय? चौथं दुकान आणि पाचवं दुकान उशाला उशी लावून झोपलीत. तुझ्या लॅपटॉपला काकांची पेटी दिसत असणार आणि काकांच्या लॅपटॉपला तुझी. बाजाराला एवढं पुरे.

दोघांपैकी एकानं तिथून हलायला हवं. मास्तर म्हणतात, मधे निदान एक तळं किंवा एक टेकडी हवी. आणि एकत्र जेवण बंद. दोन फोन रोज दोन वेळा एका टेबलावर भेटतात म्हणजे काय, हे लहान मूलही सांगेल. तुमच्या सवयीसुद्धा वेगळ्या दिसायला हव्यात.

मी फक्त तुम्हालाच सांगतो असं समजू नकोस. युनमै आणि मी गेल्या महिन्यापासून वेगळे राहतोय. भांडण नाही, दुकान दुसरं आहे म्हणून. ती समोरच्या इमारतीत आहे. गॅलरीत तिनं लाल टॉवेल वाळत घातला की जेवली असं समजायचं. बुधवारी आम्ही कोपऱ्यावरच्या नूडल्सवाल्याकडे भेटतो, फोन घरी ठेवून, अनोळखी माणसांसारखे. गेल्या बुधवारी गर्दी होती. पोऱ्यानं मला विचारलं, या बाईंच्या टेबलावर बसलात तर चालेल का? युनमै म्हणाली, माणूस सभ्य दिसतोय, बसू दे.

लीवेन


श्यावान
१७ नोव्हेंबर

लीवेन,

तुझं काम केलं. तंगफू पेटी, लॅपटॉप, गोधडी आणि दारूची बरणी घेऊन तळ्यापलीकडच्या बदकांच्या खोपटात राहायला गेला. मधे तळं आहे, तुझ्या मास्तरांचं समाधान होईल. त्याचा डबा मी बांधावरच्या दगडावर ठेवते आणि मागं न बघता परत येते. तो थोड्या वेळानं येऊन नेतो.

पण गाव आंधळं नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस थंडीच्या तोंडावर गोधडी घेऊन बदकांत जाऊन राहतो म्हटल्यावर बोभाटा होणारच. तिसऱ्या दिवशी गावप्रमुख सिगारेटचं पाकीट घेऊन समेट करायला हजर. म्हणाला, ग्वेलानताई, तुमच्या घराचं आम्ही उदाहरण द्यायचो, झालं काय? आता ह्याला काय सांगू? कुत्र्यांचे रेनकोट? इंटरनेटचा वास? गावप्रमुखानं तंगफूलाही बोलावून आणलं होतं; त्यानं इकडं तिकडं बघितलं, त्याला समोर पपनसाचं झाड दिसलं. म्हणाला, झाडावरून भांडण आहे. झाड माझं आहे, ही म्हणते तिचं.

झाड तुझ्या आजोबांनी दोन दारांच्या मधोमध लावलं. ते कुणाचं हा प्रश्न आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पण एकदा बोलून गेल्यावर निभवावं लागलं. अंगणात उभं राहून आम्ही थोडा तमाशा केला. मी त्याला फुकट्या म्हटलं. तो म्हणाला, जन्मभर लग्न केलं नाहीस आणि आता झाडाशी संसार मांडतेस. हे ऐकून गावप्रमुखाची सिगारेट खाली पडली. तंगफू असं काही बोलू शकतो हे मलाही माहीत नव्हतं.

डुकराचं मांस धुरावर टांगलंय. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी सगळे येणार ना? गोल टेबलाचा एक पाय बदलून घेतलाय.

आत्या


बानत्यान
२ डिसेंबर

आत्यास नमस्कार.

काकांनी झाडाची शक्कल काढली ती छान. मास्तर लू हसले, म्हणाले, माणूस तयारीचा आहे.

आता जे लिहितोय ते लिहायला चार दिवस लावले. यंदाचं वर्षअखेरचं जेवण तुझ्याकडे होणं शक्य नाही. सात दुकानांची सात नावं एका छपराखाली, सात फोन एका टेबलाभोवती. याच्याइतका मोठा पुरावा बाजाराला शोधूनही सापडायचा नाही. फोन घरी ठेवून येऊ म्हणालो, तर मास्तर म्हणाले, सात फोन एकाच दिवशी गप्प झाले तर तोही वासच.

त्यांनी एक तोडगा काढलाय. सगळ्यांनी आपापल्या घरी, ठरल्या वेळी, तुझ्या हातचा एकच पदार्थ खायचा. तू मांसाची पुडकी आधीच पाठव, पण सात वेगवेगळ्या गावांच्या पोस्टातून.

आत्या, रागावू नकोस. मला मागं सरायला जागा नाही. सगळ्यांच्या नावावर दुकानं घेतली, सगळ्यांना आशा लावली. ती माझ्या हातून एका जेवणापायी गेली तर मी कुणाला तोंड दाखवू?

लीवेन


श्यावान
१३ डिसेंबर

लीवेन,

रागावू नकोस म्हणालास, तर ऐक. मी रागावले आहे. तुझे आजीआजोबा गेल्यापासून त्या टेबलावर दर वर्षी सगळी माणसं बसवली. मला मूलबाळ नाही. वर्षभर मी त्या एका जेवणासाठी मांस टांगते, मिरच्या वाळवते, तांदळाची दारू घालते. सात गावांच्या पोस्टातून पुडकी पाठवायला मी काय चोरटा माल खपवते? एकही पुडकं येणार नाही. ज्याला खायचं त्यानं यावं.

दुसरं. तंगफूचं काहीतरी बिनसलंय. परवा मी आठवडी बाजाराला गेले होते. परत येऊन बघते तर झाडावर एक पपनस नाही. सगळी उतरवून त्यानं तळ्यापलीकडे नेली. मला वाटलं गंमत आहे, देईल. डब्याबरोबर चिठ्ठी ठेवली, माझी किती ठेवलीस. डबा रिकामा परत आला, चिठ्ठी तशीच. चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, झाड वडिलांनी माझ्या जन्मानंतर लावलं, म्हणजे माझ्यासाठीच लावलं.

खोट्या भांडणात तो असलं खरं कुठून काढतो? मी त्याला म्हटलेलं फुकट्या त्याला लागलं असेल. त्यानं लग्नाबद्दल काढलं ते मला लागलंच होतं, पण मी नाटक म्हणून गिळलं. आता डबा दगडावर ठेवते तेव्हा तळ्यापलीकडे त्याची पाठ दिसते. तो वळत नाही. तुझी दुकानं सुखरूप आहेत ना? असोत.

आत्या


बानत्यान
६ जानेवारी २०२५

आत्यास नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण इथं आकाश कोसळलं होतं. आता सावरलंय, सावरलंय कसलं, सोनं झालंय. सगळं सांगतो.

महिनाअखेरीला तुझ्या दुकानावर तक्रार आली. म्हणे, चौथ्या दुकानानं रेनकोटाच्या टोपीची आमची कल्पना चोरली. तक्रार करणारं दुकान कोण? पाचवं. काकांनी स्वतः, खोपटात बसून, एका बोटानं टाइप केलेली. सातही दुकानांत तोच रेनकोट त्याच कारखान्यातून येतो, टोपी कोण कुणाची चोरणार? खाली एक ओळ होती, या बाईची नियत खराब आहे, आमच्या फळांवरही डोळा आहे.

मास्तर लू म्हणाले, संपलं, आता चौकशी. आणि खरंच झाली. तुला लॅपटॉपवर बाजाराची ती मुलगी दिसली ना, आपल्या भाषेत बोलणारी? तू तिला काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. तिनं विचारलं, तंगफू यांना ओळखता का? तू म्हणालीस, ओळखत होते. काकांना तुझ्याबद्दल विचारलं तर ते म्हणाले, त्या बाईचं नाव माझ्या खोपटात काढायचं नाही, बदकं बिथरतात.

आणि निकाल काय आला असेल? सोबत छापील प्रत जोडली आहे, वाच. दोन्ही दुकानं मोकळी. बाजाराचा आपल्याच दोन दुकानांवर असा विश्वास बसलाय की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणतात, इतकी वर्षं मी लाइनी तोडत बसलो, खरी गोष्ट मला सुचलीच नाही. स्वतःशी कुणी असं भांडत नाही.

तेव्हा एक विनंती. तुम्ही दोघं असंच चालू ठेवा. उलट सासूबाई आणि बहिणींनाही एकेक विषय नेमून द्यायचा विचार आहे. युनमैला मी काल चिठ्ठी पाठवली, आपणही एखादा मुद्दा निवडू. तिचं उत्तर नाही आलं. टॉवेलही चार दिवस दिसला नाही, धुवायला टाकला असेल.

लीवेन


श्यावान
१५ जानेवारी

लीवेन,

तुझा छापील कागद वाचला. "तपासणीअंती ओयांग ग्वेलान आणि ओयांग तंगफू यांचा एकमेकांशी कोणताही संबंध आढळला नाही." खाली शिक्का.

मी तो दोनदा वाचला, मग घडी घालून खिशात ठेवला आणि तळ्याच्या बांधावरून चालत गेले. दगडाशी थांबले नाही. खोपटाच्या दारात तंगफू बदकांना कोंडा घालत होता. मी म्हटलं, बस, तुला एक वाचून दाखवायचंय. तो म्हणाला, भांडायचं असेल तर अंगणात चल, इथं बघायला कोण आहे? मी वाचलं. त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं. मग कोंड्याचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, हे कुणी ठरवलं? मी म्हटलं, बाजारानं. तो म्हणाला, आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, मला पाठीला बांधून भात कोण लावायचं, बाजार?

मग रडला. मीही रडले. बदकं काही बिथरली नाहीत.

पपनसं सगळी पलंगाखाली होती, गवतात नीट मांडून. एकही खाल्लं नव्हतं. म्हणाला, तू घ्यायला येशील म्हणून वाट बघत होतो, तू नुसत्या चिठ्ठ्या पाठवल्यास.

आता चिडू नकोस. तंगफू पेटी आणि लॅपटॉप उचलून माझ्याकडे आला. दोन्ही पेट्या आम्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बाजाराला लिहिलं, तुमच्याकडून चूक झालीय. आम्ही सख्खी भावंडं आहोत, एका चुलीवर जेवतो, रेनकोटही आमच्याच एका भावाच्या मुलाचे आहेत. कागद दुरुस्त करून पाठवा. सोबत आम्हा दोघांच्या नाकांचा फोटो जोडला, एकाच साच्यातलं नाक आहे, कुणालाही कळेल.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुरावा अपुरा, संबंध सिद्ध होत नाही, प्रकरण बंद. तंगफूनं पुन्हा लिहिलं, गावप्रमुखाला साक्षीला बोलावलं. पुन्हा तेच उत्तर. आता तो रोज लिहितोय. म्हणतो, एवढ्या मोठ्या बाजाराला इतकं साधं कळू नये?

सगळ्यांना निरोप धाडलेत, फोनवरून. तू ये.

आत्या


बानत्यान
२१ जानेवारी

आत्या,

तू काय केलंस हे तुला कळत नाहीये. चार ओळीच लिहितो. बाजार गप्प आहे याचा अर्थ त्याला पटलं असा नाही. मास्तर म्हणतात, हा सापळा आहे. तुम्ही सगळे एका टेबलावर बसण्याचीच तो वाट बघतोय. कुणीही येऊ नका. युनमैला मी बजावलंय. मी इथंच बसून सातही दुकानांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणार. दुकान बंद झाल्याचा एक जरी लाल दिवा लागला तरी निदान मला आधी कळेल.

लीवेन


श्यावान
३० जानेवारी

लीवेन,

नव्या वर्षाचे आशीर्वाद घे.

सगळे आले. तुझ्या सासूबाई आल्या, बहिणी मुलांसकट आल्या. युनमै सर्वांत आधी आली, टॉवेल पिशवीत घेऊन. तिनं सांगितलं, मास्तर लू स्वतः तीन दिवस आधीच आपल्या आईकडे गेले, फोन चालू ठेवून, जाताना ट्रेनमधले फोटो सगळ्यांना पाठवत.

जेवणाआधी मुलांनी पासवर्ड मागितला. मी बहिरी झाले नाही. पोरांचे धरून सगळ्यांचे फोन एकाच पेटीवर जोडले. तंगफूनं तर त्याच्या लॅपटॉपवर सगळ्या टेबलाचा फोटो काढून बाजाराला पाठवला, बघा म्हणाला, आता तरी बघा. अजून उत्तर आलेलं नाही. दुकानं उघडीच आहेत. तुलाही दिसत असेल.

गावप्रमुख मात्र ऐकेना. म्हणतो, भांडण लेखी नोंदवलं होतं तर मिटल्याचंही लेखी हवं. तंगफूनं त्याला एक पपनस दिलं आणि घरी पाठवलं.

तुझी खुर्ची मी काढून ठेवली नव्हती. वाडगं, काड्या, सगळं मांडलं होतं. मुलांपैकी कुणी विचारलं, इथं कोण बसणार? युनमै म्हणाली, तिथला माणूस कामावर आहे.

मासे वाढत होते तेवढ्यात फोन वाजला. तुझा नंबर. तीन महिने झाले असतील तो दिसून. मी उचलला, हॅलो म्हटलं, तू काहीच बोलला नाहीस. मी विचारलं, लाल दिवा लागला का रे? तू नाही म्हणालास. मग मला नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मी फोन टेबलावर वाडग्यांच्या मधोमध ठेवला आणि वाढायला लागले. तंगफू बडबडत होता, पोरं भांडत होती, युनमै आपल्याच हातानं तुझ्या वाडग्यात मांस घालत होती. मुलं झोपायला गेली तरी फोन चालूच होता. कधी ठेवलास कळलं नाही.

तुझी पपनसं पाठवली आहेत, एका खोक्यात. पाठवणाऱ्याच्या जागी माझं आणि तंगफूचं, दोघांची नावं घातलीत, एकाखाली एक. खोकं घरात घ्यायची भीती वाटत असेल तर घेऊ नकोस. चार फळं इथं पलंगाखाली ठेवली आहेत, येऊन खा.

आत्या